दैत्यांच्या दारी देव

नॉर्स पुराणकथांतले देव घरी फार कमी सापडतात. आस्गार्डवर, म्हणजे देवांच्या गडावर, संकट आले की सगळ्यांना थॉर आठवतो, आणि थॉर नेमका पूर्वेला दैत्यांशी झुंजायला गेलेला असतो. ओडिन नाव बदलून कुठल्या तरी दैत्याच्या दारात उभा असतो. लोकी कधी ससाण्याचे रूप घेऊन तिकडे उडत जातो, कधी तिकडेच पेटीत कोंडला जातो. फ्रेय स्वतः जात नाही, पण एका दैत्यकन्येला लांबून पाहून झोप आणि तहान हरवून बसतो आणि आपल्या सेवकाला तिच्या घरी धाडतो. देवांच्या महालांची नावे आणि वर्णने आपल्याला मिळतात. कथा मात्र घडते ती बहुतेक वेळा दैत्यांच्या घरी. त्या घरांची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

थॉर आणि लोकी ही नावे आज मराठी घरांत पोचली ती चित्रपटांमुळे. 2011 सालच्या ‘थॉर’ या चित्रपटात योटुनहाइम, म्हणजे दैत्यांचा मुलूख, हे एक गोठलेले, ओसाड, अंधारे जग आहे आणि तिथले दैत्य निळ्या कातडीचे आहेत. तो पाहून ज्यांची उत्सुकता चाळवली त्यांनी मूळ कथांकडे अवश्य वळावे. तिथे त्यांना वेगळाच मुलूख भेटेल. थंडी आहे, डोंगर आहेत, पण गुरेढोरे, घोडे, शिकारी कुत्रे, मद्याची पिंपे आणि आल्यागेल्याला बसायला बाकेही आहेत. थ्रिम हा दैत्यांचा राजा आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो टेकाडावर बसून कुत्र्यांसाठी सोन्याचे पट्टे वळताना आणि घोड्यांची आयाळ सारखी करताना. थॉरचा हातोडा त्याने चोरून जमिनीखाली आठ कोस खोल पुरून ठेवला आहे आणि त्याच्या बदल्यात त्याला फ्रेया ही देवी बायको म्हणून हवी आहे. आपल्याकडे सोनेरी शिंगांच्या गाई आहेत, काळेभोर बैल आहेत, दागदागिने आहेत, उणीव आहे ती फक्त फ्रेयाची, असे तो सांगतो. हे बोलणे एखाद्या सुखवस्तू जमीनदाराचे आहे.

या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः आइसलंडमध्ये लिहिल्या गेलेल्या दोन ग्रंथांतून. पहिला म्हणजे जुन्या काव्यांचा संग्रह, ‘काव्य एड्डा’. त्याचे मुख्य हस्तलिखित कोडेक्स रेगियस या नावाने ओळखले जाते. ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. 1643 साली ते बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सन यांच्या हाती आले, 1662 साली त्यांनी ते डेन्मार्कच्या राजाला भेट दिले आणि 1971 साली ते आइसलंडला परत मिळाले. दुसरा ग्रंथ ‘गद्य एड्डा’. तो 1220 च्या सुमारास स्नोर्री स्टुर्लुसन याने रचला. स्नोर्री ख्रिस्ती होता. आइसलंडने नवा धर्म स्वीकारून तोवर दोन शतके उलटली होती. जुन्या देवांवर त्याची श्रद्धा नव्हती, पण जमीनजुमला, सोयरीक, खुनाची भरपाई आणि पाहुणचार या गोष्टी त्याला आतून ठाऊक होत्या. तो मोठा जमीनदार होता, आइसलंडच्या लोकसभेचा कायदेप्रमुख म्हणून दोनदा निवडला गेला होता आणि 1241 साली राजकीय वैरातून त्याच्याच घराच्या तळघरात त्याची हत्या झाली. दैत्यांच्या घरातले व्यवहार त्याच्या लेखणीतून इतके खरे उतरतात, त्यामागे हे जगणे आहे असे मला वाटते.

योटुनहाइमचा नकाशा काढू नये. अनेकांनी काढला आहे आणि प्रत्येकाचा वेगळा निघाला आहे. जुन्या काव्यांत हे नाव पुष्कळदा अनेकवचनी येते, कारण दैत्यांची वस्ती एका जागी नाही. हिमिर पूर्वेला, आकाशाच्या कडेला राहतो. थियात्सीचे घर उंच डोंगरांत आहे. उटगार्ड या दैत्यांच्या गडाला जायला पूर्वेच्या वाटेने खोल समुद्र ओलांडावा लागतो. समुद्राचा दैत्य एगिर हा तर ह्लेसी बेटावर नांदतो, आणि हे बेट आजही डेन्मार्कच्या नकाशावर लेसो या नावाने दाखवता येते. लोहवनात एक म्हातारी दैत्यीण लांडग्यांची पिल्ले वाढवते. त्यांतलेच एक पुढे आकाशातला प्रकाशगोल गिळणार आहे. देवांच्या आणि दैत्यांच्या भूमींमधून एक नदी वाहते, तिचे नाव इफिंग, आणि ती कधीही गोठत नाही. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ज्या देशात हिवाळा आला की नद्या गोठतात आणि माणसे-जनावरे त्यांवरून सरळ चालत जातात, तिथे कधीच न गोठणारी नदी म्हणजे बारमाही सरहद्द.

सरहद्द आहे, पण रक्त वेगळे नाही. यिमिर या आदिदैत्याला ओडिन आणि त्याच्या भावांनी मारले आणि त्याच्या देहापासून जग घडवले: मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचे आकाश. त्याच्या रक्ताच्या पुरात बाकीचे दैत्य बुडाले. बेर्गेल्मिर आपल्या बायकोसह तेवढा वाचला आणि पुढचे सगळे दैत्य त्याचे वंशज. यिमिरला मारणाऱ्या ओडिनची आई बेस्टला ही स्वतः दैत्यकन्या होती. थॉरची आई पृथ्वी, पृथ्वीची आई रात्र आणि रात्रीचा बाप योटुनहाइममधला दैत्य. तेव्हा देव ज्या दारांवर जाऊन आदळतात त्यांतली कित्येक त्यांच्याच आजोळची आहेत. या कथांतले वैर भावकीतले आहे आणि त्याची धार भावकीच्या वैराइतकीच खोल लागते.

घर म्हणताना डोळ्यांसमोर काय आणावे? नॉर्वेच्या उत्तर भागात लोफोटेन बेटांवर बोर्ग या ठिकाणी व्हायकिंग काळातल्या एका सरदाराच्या घराचे अवशेष उत्खननात सापडले. ते घर 83 मीटर लांब होते. अशा घरांत छत तोलणाऱ्या लाकडी खांबांच्या रांगा असत, मधल्या पट्ट्यात चूल जळत असे, दोन्ही अंगांना बाके असत आणि यजमानाचे उंच आसन ठरलेले असे. कथा ऐकणाऱ्यांच्या ओळखीचे मोठे घर हेच. दैत्याचे घर कल्पायचे तर त्यांनी हेच घर घेतले आणि त्याचे खांब, त्याचा हंडा, त्याची भूक अफाट करून टाकली.

हिमिरच्या घरात हे सगळ्यांत स्पष्ट दिसते. देवांना मेजवानी हवी आहे आणि ती एगिरने द्यावी असा थॉरचा हुकूम. एगिर चिडतो आणि अट घालतो: सगळ्यांना पुरेल एवढे मद्य गाळायला हंडा आणा. तेव्हा ट्यूर हा देव म्हणतो, माझ्या बापाकडे, हिमिरकडे, कोसभर खोल हंडा आहे. (स्नोर्री या ट्यूरला ओडिनचा मुलगा म्हणतो, या काव्यात मात्र तो दैत्यपुत्र आहे.) थॉर आणि ट्यूर निघतात. घरात त्यांना आधी भेटते ट्यूरची आजी, नऊशे डोक्यांची. नातवाला ती मुळीच आवडत नाही. मग सोन्याने मढलेली, गोऱ्या भुवयांची एक स्त्री पुढे होते आणि मुलाच्या हाती मद्य देते. ही ट्यूरची आई. नवऱ्याचा स्वभाव तिला पक्का ठाऊक आहे, म्हणून ती दोघांना हंड्यांच्या आड लपवते.

संध्याकाळ टळून गेल्यावर हिमिर शिकारीहून येतो. त्याची दाढी गोठलेली आहे आणि तो आत शिरताना हिमाच्या लोलकांचा किणकिणाट होतो. बायको आधी गोड बोलते: मुलगा आला आहे, ज्याची आपण इतकी वाट पाहिली तो, सोबत दैत्यांचा शत्रूही आला आहे, ते बघा, खांबाआड बसले आहेत. हिमिर नजर वळवतो आणि त्या नजरेनेच खांब फुटतो, तुळई मोडते, आठ हंडे खाली कोसळतात. त्यांतला एकच अभंग राहतो. एवढे होऊनही हिमिर पाहुण्यांना हाकलत नाही. पोटात गोळा आलेला असताना तो तीन बैल कापायला सांगतो, कारण दारी आलेल्याला जेवू घालायचे असते. थॉर एकटा दोन बैल फस्त करतो.

पुढची मासेमारीची हकीगत सर्वांत प्रसिद्ध आहे. थॉर बैलाचे मुंडके गळाला लावतो आणि जगाला विळखा घालून बसलेला महासर्प त्याला लागतो. स्नोर्री सांगतो की थॉरने इतका जोर लावला की त्याचे पाय होडीच्या तळातून आरपार गेले आणि त्याने समुद्राच्या तळावर पाय रोवले. स्वीडनमधल्या आल्टुना इथल्या अकराव्या शतकातल्या कोरीव शिळेवर हेच दृश्य आहे: होडीच्या तळाखाली आलेले पाऊल आजही त्या दगडात दिसते. पण माझे मन त्या होडीपेक्षा घरातल्या एका क्षणापाशी थांबते. हिमिर थॉरला एक पेला फोडून दाखवायला सांगतो. थॉर तो दगडी खांबावर फेकतो. खांब फुटतो, पेला शाबूत राहतो. तेव्हा त्या घरची मालकीण हळूच सुचवते की हिमिरच्या कपाळावर मारा, त्याहून कठीण काही नाही. पेला फुटतो. हिमिर हळहळतो की माझी लाडकी वस्तू गेली. शेवटी थॉर हंडा डोक्यावर घेऊन चालू लागतो आणि पाठलाग करणाऱ्या हिमिरला व त्याच्या साथीदारांना वाटेत ठार मारतो. मुलगा आणि नवरा यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या त्या बाईचे पुढे काय झाले, हे काव्य सांगत नाही.

असे अनेकदा घडते, आणि ते लक्षात ठेवून या कथा वाचाव्यात. देवांना जे जे हवे असते ते दैत्यांच्या घरात असते. काव्याची प्रेरणा देणारे मधुमद्य सुत्तुंगने ह्नितब्योर्ग या डोंगरात ठेवले आहे आणि त्याची मुलगी गुन्लोड राखण बसली आहे. ओडिन सर्प होऊन भोकातून आत शिरतो, तीन रात्री तिच्यापाशी काढतो, तीन घोटांत तिन्ही भांडी रिकामी करतो आणि गरुड होऊन उडून जातो. तिच्या विश्वासाची आपण वाईट परतफेड केली, हे तो स्वतःच पुढे कबूल करतो. प्राचीन ज्ञान हवे तर वाफ्थ्रुड्निरच्या घरी जावे लागते. तिथे शिरच पणाला लागते, आणि ओडिन जिंकतो तो असा प्रश्न विचारून की ज्याचे उत्तर त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही: मृत पुत्र बाल्डरच्या कानात ओडिन काय कुजबुजला? म्हातारा दैत्य पाहुण्याला ओळखतो आणि हार मानतो. ज्ञानाच्या त्या स्पर्धेत खरा सच्चा कोण, हे वाचकाने ठरवावे.

गीमिरच्या घरचा प्रसंग याहून बोचरा आहे. त्याची मुलगी गेर्ड अंगणातून जात असताना तिच्या गोऱ्या बाहूंच्या तेजाने आकाश आणि समुद्र उजळतात आणि ते पाहून फ्रेय वेडा होतो. त्याचा सेवक स्कीर्निर त्याचा घोडा आणि त्याची तलवार घेऊन निघतो. गीमिरच्या वाड्याला कुंपण आहे, दारात चवताळलेली कुत्री बांधली आहेत, जवळच टेकाडावर गुराखी बसला आहे. बाहेरचा गलका ऐकून गेर्ड दासीला म्हणते, त्याला आत बोलाव, मद्य दे. पण बाहेर माझ्या भावाचा मारेकरी उभा असेल अशी मला भीती वाटते. भीती वाटत असूनही ती दार उघडते. या एका गोष्टीसाठी मी गेर्डला या सर्व कथांतली सर्वांत खानदानी व्यक्ती मानतो. स्कीर्निर तिला सोन्याची सफरचंदे देऊ करतो, अंगठी देऊ करतो. ती नाही म्हणते, बापाच्या घरी सोन्याला तोटा नाही असे सांगते. मग तो धमक्या आणि शाप यांवर येतो आणि ते इतके भीषण आहेत की ती अखेर होकार देते. याला प्रेमकथा म्हणण्याची रीत आहे. मला ते मान्य नाही.

थ्रिमहाइमबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दैत्यांच्या घरांपैकी हे एकच घर देवांच्या महालांच्या यादीत जाऊन बसले. त्याचा मालक थियात्सी. त्याचा बाप इतका श्रीमंत की वाटणीच्या वेळी तिन्ही मुलांनी तोंडात मावेल तेवढे सोने पाळीपाळीने उचलले. थियात्सीने लोकीला कोंडीत पकडून इदुन या देवीला तिच्या यौवन देणाऱ्या सफरचंदांसह पळवून आणले. देव म्हातारे होऊ लागले. थियात्सी समुद्रावर गेलेला असताना लोकी ससाणा होऊन आला आणि इदुनला कवचफळाच्या रूपात नखांत धरून घेऊन गेला. थियात्सी गरुड होऊन मागे लागला. आस्गार्डच्या तटाशी देवांनी आग पेटवून ठेवली होती. पंख जळाले, तो आत पडला आणि मारला गेला.

त्याच्या मागे राहिली एक मुलगी, स्काडी. ती शिरस्त्राण आणि चिलखत चढवून, हत्यारे घेऊन एकटी आस्गार्डला बापाचा सूड घ्यायला गेली. देवांनी तिच्याशी लढाई केली नाही, भरपाई देऊ केली: देवांतला कुणीही नवरा निवड, पण फक्त पाय पाहून. सर्वांत देखणे पाय बाल्डरचेच असणार असे समजून तिने निवड केली, आणि ते निघाले न्योर्डचे, समुद्राच्या देवाचे. तिने दुसरी अट घातली की मला हसवून दाखवा. ते काम लोकीने केले. ओडिनने थियात्सीचे डोळे आकाशात भिरकावून त्यांचे तारे केले.

संसार कुठे करायचा हा प्रश्न मग आला. स्काडीला बापाचे डोंगरातले घर हवे होते, न्योर्डला समुद्रकाठचे नोआटुन. त्यांनी पाळी ठरवली. नऊ रात्री थ्रिमहाइमला काढून न्योर्ड परतला तो कंटाळून. हंसांच्या कूजनाची सवय असलेल्या कानांना लांडग्यांचे ओरडणे सोसवेना. नोआटुनला स्काडीची झोप उडाली. पहाटे समुद्रावरून येणारे पक्षी तिला जागे करीत. दोघांपैकी कुणाचेच चुकले नव्हते. स्काडी माहेरी परतली आणि पायांना बर्फावर घसरायच्या पट्ट्या बांधून, धनुष्य घेऊन शिकार करीत राहिली. देवांच्या महालांची नावे सांगणाऱ्या काव्यात थ्रिमहाइमचे नाव येते ते तिच्यामुळे: बाप मेला, पण त्याच्या जुन्या घरात आता ती राहते. विवाह तुटणे, बापाचे घर मुलीने राखणे, या गोष्टी इतक्या साधेपणाने सांगणारे पुराण मला दुसरे माहीत नाही.

उटगार्डची कीर्ती या सर्वांहून मोठी. थॉर, लोकी आणि त्यांची दोन तरुण सोबती रात्री ज्या घरात आसरा घेतात तो एका दैत्याचा हातमोजा निघतो. आणि ज्या बाजूच्या खोलीत ती लपतात तो त्या मोज्याचा अंगठा. पुढे माळावर एक गड लागतो, इतका उंच की माथा दिसायला मान पाठीला टेकवावी लागते. दरवाजा बंद, थॉर जोर करतो, तो हलत नाही, आणि शेवटी देवांचा सर्वांत बलवान वीर गजांतून अंग चोरून आत शिरतो. आत पैजा लागतात, आणि जे घडते ते मयसभेची आठवण करून देईल असे आहे. खाण्यात लोकी हरतो, कारण समोर आग बसलेली असते. धावण्यात तरुण सोबत्यांपैकी थ्याल्फी हरतो, कारण समोर विचार धावत असतो. थॉर ज्या शिंगातून पितो त्याचे दुसरे टोक समुद्रात असते, त्याला उचलता न आलेले मांजर म्हणजे तो महासर्प, आणि ज्या म्हातारीने त्याचा एक गुडघा टेकवला ती म्हणजे वार्धक्य. सकाळी यजमान त्यांना वेशीबाहेर पोचवतो आणि तेव्हाच सगळे उघड करतो: तुझे बळ आधी कळले असते तर तुला आत घेतलेच नसते. थॉर हातोडा उगारतो तोवर यजमान नाहीसा झालेला असतो, गड पाडायला वळतो तर समोर नुसते विस्तीर्ण, सुंदर मैदान. दैत्यांच्या गडांत हा एकच असा की जो देवांना मोडता आला नाही.

ह्रुंग्निर आणि गेइर्रोड या दैत्यांच्या कथा जोरकस आहेत, पण मुख्यतः हाणामारीच्या. गेइर्रोडची गोष्ट डेन्मार्कच्या साक्सो ग्रामाटिकसनेही 1200 च्या सुमारास लॅटिनमध्ये सांगितली. त्याच्याकडे ते घर पडके, कुजके, दुर्गंधीने भरलेले आहे. स्नोर्रीकडे नांदते घर आणि साक्सोकडे उकिरडा, हा फरक वाचकाने ध्यानात ठेवावा. पुढच्या काळात दैत्यांची जी ओंगळ प्रतिमा रुजली, तिची वाट साक्सोच्या बाजूने जाते.

आणि आस्गार्ड? देवांचा अभेद्य तट बांधला तो एका दैत्याने. एका हिवाळ्यात तट पुरा केला तर फ्रेया, सूर्य आणि चंद्र मिळतील, असा करार शपथेवर झाला होता. मदतीला फक्त त्याचा घोडा. उन्हाळ्याला तीन दिवस उरले आणि काम वेशीपर्यंत आले, तेव्हा लोकी घोडी होऊन त्याच्या घोड्याला भुलवून घेऊन गेला. काम रखडले, कारागीर संतापला, आणि थॉरने त्याचे डोके फोडले. स्नोर्री स्वच्छ लिहितो की शपथा मोडल्या गेल्या. देवांचा गड दैत्याच्या न चुकवलेल्या मजुरीवर उभा आहे.

या घरांना जमिनीवरही पत्ते मिळाले. आइसलंडमध्ये सुर्ट या अग्निदैत्याच्या नावाची सुर्ट्सहेलिर ही लाव्हाची प्रचंड गुहा आहे. वसाहतीच्या जुन्या वृत्तांतात एक माणूस त्या गुहेपाशी जाऊन आतल्या दैत्यावर रचलेले काव्य म्हणतो. दुसऱ्या एका छोट्या कथेत चर्चला निघालेले दोघे हिमवादळात गुहेत शिरतात आणि अंधारातून दोन पौर्णिमेच्या चंद्रांएवढे डोळे त्यांच्याकडे पाहतात. त्या डोळ्यांचा धनी एक काव्य म्हणतो आणि ते पाठ करायला बजावतो. एकाला ते आठवते आणि तो सुखाने जगतो. दुसरा विसरतो आणि वर्षभराने मरतो. नॉर्वेत तर डोंगररांगेलाच नाव मिळाले. भूवैज्ञानिक काइलहाऊ 1820 साली तिथे हिंडला आणि त्याने तिला दैत्यांचे डोंगर म्हटले. 1862 साली कवी ओस्मुंड ओलावसोन विन्ये याने योटुनहाइमेन हे नाव रूढ केले. 2469 मीटर उंचीचे गाल्ढोपिग्गेन हे नॉर्वेचे सर्वोच्च शिखर त्याच रांगेत आहे.

नव्या वाचकाला एवढेच सांगणे: सुरुवात थ्रिमपासून करा, कारण ती कथा एका बैठकीत संपते आणि खूप हसवते. मग हिमिर, मग उटगार्ड. स्काडीची कथा घाईत वाचू नका. आणि प्रत्येक वेळी देव उंबरठा ओलांडून आत शिरला की त्याच्याकडे पाहण्याआधी घरात कोण कोण आहे ते बघा, त्यांनी पाहुण्यासमोर काय ठेवले ते बघा आणि पाहुणा निघताना काय घेऊन गेला तेही बघा.